कोलशेतच्या टाकीतलं पाणी

कळव्याच्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात सकाळी सगळ्यात मोठा आवाज कुकरचा असायचा आणि त्याच्या खालोखाल गोदूबाईंचा. सुनेने चिरलेल्या भेंडीकडे बघून त्या म्हणायच्या, "एवढी जाड? शिजायची कधी आणि खायची कधी?" आणि निशिगंधा कढईवर झाकण ठेवायची. त्या सोमवारी त्यात कृतिकाची भर पडली होती. तिला कॉलेजचं ओळखपत्र सापडत नव्हतं आणि तिने सोफ्याच्या सगळ्या गाद्या जमिनीवर काढल्या होत्या.

दारावर थाप पडली. बेल बिघडून बरेच दिवस झाले होते. दुसऱ्यांच्या इमारतींमध्ये तारांपासून फरशीपर्यंत सगळं उभं राहून बसवून घेणारी सून, पण स्वतःच्या दाराची बेल लावायला तिला सवड मिळत नाही, हे गोदूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायच्या. कृतिकाने दार उघडलं आणि आत बघून म्हणाली, "आई, कोलशेतचे काका आलेत."

गोपीनाथ भोईर दारात उभे होते. हातात हेल्मेट, अंगात इस्त्रीचा शर्ट, पण बटणं एकाआड एक चुकलेली. निशिगंधाच्या नजरेतून ते सुटलं नाही. हा माणूस कधी फोन केल्याशिवाय आला नव्हता आणि एवढ्या सकाळी तर मुळीच नाही.

कोलशेत गावात भोईरांचं घर पिढ्यान्‌पिढ्यांचं. आजोबांची भातशेती, खाडीच्या अंगाला मिठागर. आता त्या जागी त्यांची चार मजली इमारत उभी आहे आणि चहूबाजूंनी तिच्या पाचपट उंचीचे टॉवर. या इमारतीचा तळमजला भोईरांनी निशिगंधा काम करायची त्या संस्थेला डायलिसिस केंद्रासाठी बिनभाड्याने दिला होता. गोपीनाथचा धाकटा भाऊ किडनीच्या आजाराने गेला. आठवड्यातून तीनदा त्याला घोडबंदर रोडच्या गर्दीतून लांबच्या इस्पितळात न्यायचे. शेवटी एका सकाळी तो गाडीतच गेला. त्यानंतर गोपीनाथच्या बायकोने, सगुणाकाकूंनी, स्वतः संस्थेच्या कचेरीत येऊन सांगितलं होतं, की खालची जागा घ्या आणि इथेच मशिनं लावा.

गोपीनाथ आत येऊन बसले. पाणी प्यायले. गोदूबाईंना तब्येत विचारली. त्यांचं हे असंच असायचं. मुद्द्याला यायच्या आधी गावाला एक फेरी मारून यायचे. निशिगंधा गॅस बारीक करून समोर उभी राहिली.

"काल नळाला पाणी नव्हतं," ते म्हणाले. "तुमच्या टेक्निशियनने, प्रितमने टँकर मागवलेला. पाणी जरा गढूळ होतं."

"बरं."

"आज सकाळी प्रितमने टाकीचं झाकण उघडलं. तळाला कापसासारखं कायतरी बसलंय म्हणाला. मला विचारलं, कोणी काय टाकलंय का. मी नाय म्हणालो."

"मग?"

गोपीनाथनी हेल्मेट एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर घेतलं. "टाकलंय," ते म्हणाले. "हिने रात्री तुरटी फिरवली. बांबूला बांधून, चांगला वेळ. त्या पोरासमोर बायकोचं नाव कसं घेणार? फोनवर पण सांगवेना. म्हटलं तुम्हालाच येऊन सांगावं."

गोदूबाई हसल्या. "अहो, मग त्यात एवढं काय? आम्ही जन्मभर तुरटी फिरवूनच पाणी प्यायलो. हात-पाय धड आहेत अजून."

निशिगंधा हसली नाही. तिने गॅस बंद केला.

केंद्रासाठी पाणी शुद्ध करायचा प्लँट विकत घेताना कंपनीच्या इंजिनिअरने तिला समोर बसवून समजावलं होतं. आपण पितो ते पाणी पोटात जातं, नको ते किडनी गाळून बाहेर टाकते. डायलिसिसच्या मशिनमध्ये पाणी आणि रक्त यांच्यामध्ये फक्त एक पातळ पडदा असतो. आणि ज्याचं रक्त तिथे फिरतं, त्याची किडनी तर आधीच गेलेली. तुरटीत ॲल्युमिनियम असतं. ते पडद्यातून रक्तात शिरलं तर मेंदूत आणि हाडांत जाऊन बसतं, बाहेर पडायला वाट राहत नाही. प्लँट बरंचसं अडवतो, पण सगळं अडवेल याची खात्री कोणी देत नाही. ती तेव्हा म्हणाली होती, "तुरटी तर आमच्या प्रत्येक घरात असते हो." आणि इंजिनिअर म्हणाला होता, "घरात असू दे. टाकीत नको."

तिने हे प्लंबरला सांगितलं होतं. टँकरवाल्या तानाजीला दोनदा सांगितलं होतं. साफसफाईच्या बायकांना, प्रितमला, नर्सला, सगळ्यांना सांगितलं होतं. सगुणाकाकू राहिल्या होत्या. त्या केंद्रातल्या कोणी नव्हत्याच, त्या घरच्या होत्या.

"प्लँट सुरू झालाय का?" तिने विचारलं.

"मी निघालो तेव्हा नव्हता. पण पेशंट यायला लागलेले."

तिने प्रितमला फोन लावला. वाजत राहिला. प्लँटच्या खोलीत जाताना मोबाइल कपाटात ठेवायचा, हा नियम तिनेच करायला लावला होता. केंद्राचा फोन गुंतलेला. सगुणाकाकू उचलेनात. तिने ओढणी घेतली, पायात चपला सरकवल्या आणि आपल्या फोनवरून केंद्राचा आणि सगुणाकाकूंचा नंबर कृतिकाला पाठवला.

"तू कॉलेजला नंतर जा. हे दोन नंबर लावत राहा. कोणी उचललं की एवढंच सांग, पंप बंद करा, आई येतेय."

"काय झालं पण?"

"पंप बंद करा. एवढंच सांग."

गोपीनाथच्या स्कूटरवर मागे बसून ती निघाली. कळव्याचा पूल त्या मानाने लवकर सुटला. माजिवड्याला मात्र गाड्या चिकटून उभ्या होत्या. स्कूटर दोन बसच्या मधून काढताना गोपीनाथ सारखे काहीतरी बोलत होते, की हिच्या मनात वाईट नव्हतं, की ही मिठागरात वाढलेली बाई आहे, पाण्याचं हिला लहानपणापासून कळतं. निशिगंधा फक्त "हो" म्हणत होती. तिचं मन सोमवारच्या पहिल्या शिफ्टवर होतं. रविवारी केंद्र बंद असतं. शुक्रवारी मशिनवर झोपलेली माणसं सोमवारी परत येतात तेव्हा अंगात पाणी साठून पाय सुजलेले असतात, श्वास वरवर लागलेला असतो. त्यांना थांबवून चालत नाही. त्यात विठ्ठल सकपाळ असतील. ते उशी घेतल्याशिवाय आडवेच होऊ शकत नाहीत.

संस्थेच्या केंद्रांची खरेदी आणि उभारणी बघायच्या या कामात ती अपघाताने आली होती. आधी डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत एका नळ-फिटिंगच्या कारखान्यात ती खरेदी बघायची. कारखाना गुजरातला गेला. मग संस्थेने विचारलं, तेव्हा वाटलं, खरेदी ती खरेदीच. तसं नव्हतं. कारखान्यात वायसर खराब निघाला तर परत पाठवता यायचा. इथे प्रत्येक वस्तू घेताना तिच्या डोळ्यांसमोर डायलिसिसच्या खुर्चीवर पडलेला माणूस यायचा. म्हणून ती कोटेशनवर कधी भागवायची नाही. दुकानात जायची, वस्तू हातात घ्यायची, वास घ्यायची, दुकानदाराला "तुमच्या घरी लावाल का हे?" असं विचारायची. दुकानदार तिला जरा टरकून असायचे. दुसऱ्या केंद्रांशी मात्र तिचा व्यवहार शेजारणींसारखा होता. कोणाच्या नळ्या संपल्या, कोणाचे फिल्टर कस्टममध्ये अडकले, की फोन यायचा आणि ती आपल्या साठ्यातून देऊन टाकायची. वाटीभर साखर द्यावी तसं. संस्थेच्या विश्वस्त ऐश्वर्या मॅडमना ते पसंत नव्हतं. निशिगंधा म्हणायची, वाटी परत येते.

कोलशेतला पोचली तेव्हा तळमजल्याच्या दारात माणसं जमली होती, आणि प्लँटची घरघर ऐकू येत नव्हती.

जिन्याखाली विजेचा खोका होता. प्लँटच्या पंपाचं बटण त्यातच होतं. बांधकामाच्या वेळी तिला ते आत हवं होतं, पण मीटर जिन्याखाली म्हणून इलेक्ट्रिशियनने तिथेच बसवलं. आज त्या खोक्याला पाठ लावून सगुणाकाकू उभ्या होत्या. पदर खोचलेला, एक हात मागे बटणावर. समोर प्रितम, घामाने डबडबलेला.

"बघा ना मॅडम," तो म्हणाला, "मी प्लँट चालू करून पाचदहा मिनिटं झाली नाहीत, तर काकूंनी येऊन बंद केला. कारण विचारलं तर सांगत नाहीत. हात लावू देत नाहीत. पेशंट खोळंबलेत."

"मी सांगितला त्याला," सगुणाकाकू म्हणाल्या. "निशिगंधा येल तवर नाय चालू होनार."

"कोणाला लावलं का? मशिन जोडलं?" निशिगंधाने विचारलं.

"कुठे जोडू देतायत!" प्रितम म्हणाला.

निशिगंधाने सगुणाकाकूंकडे बघितलं. तिला वाटलं त्यांना बाजूला घ्यावं, वर न्यावं. पण काकूंनी वाट बघितली नाही. बाकांवर बसलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्या बोलल्या.

"तुरटी मी फिरवली. तूच बोललीस ना, या पान्याला जरा पन घान चालनार नाय? टँकरचा पानी गढूल होता. मना राहवला नाय. यांचा तोंड बघितला सकाली, तवा समजला कायतरी चुकलाय. काय चुकला ते मना म्हायत नाय. पन पंप लागल्याचा आवाज आला आनि मी खाली धावली."

"तुरटी," प्रितम म्हणाला. "मला वाटलं टँकरचा गाळ. फिल्टर धरेल म्हटलं."

केंद्राच्या डॉक्टर भावना देशपांडे दुसऱ्या इस्पितळात राऊंडवर होत्या. निशिगंधाने फोन स्पीकरवर टाकला आणि सगळं सांगितलं. प्रितम हळूच म्हणाला, की प्लँटवरचा मीटर तर पाणी नॉर्मल दाखवत होता.

"मीटर क्षार दाखवतो रे, ॲल्युमिनियम वेगळं काढून दाखवत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "टाकी रिकामी करून धुवा, फिल्टर बदला, पूर्ण लाइन धुऊन नमुना लॅबला पाठवा. रिपोर्ट येईपर्यंत एकही मशिन लावायचं नाही. पेशंटना बाहेर कुठे बसवता येतं ते बघा. सकपाळांना आधी. त्यांना थांबवू नका."

बाकावर एक बाई ताडकन उठली. विनिता, विठ्ठल सकपाळांची सून. कळव्याहून पहाटे सासऱ्यांना रिक्षात घालून आलेली.

"म्हणजे ही बाई मधे आली नसती तर आमच्या बाबांच्या रक्तात तुरटी गेली असती? फुकट आहे म्हणून काहीही चालतं का? आणि तुम्ही," ती सगुणाकाकूंकडे वळली, "तुमची जागा आहे म्हणून तुम्ही कशातही हात घालणार? माणसं आहेत ही, माठ नाहीत."

सगुणाकाकूंनी बटणावरचा हात काढला. त्या जिना चढून गेल्या. वर दार लागल्याचा आवाज आला. गोपीनाथ दोन पायऱ्या चढले, मग परत उतरले आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

निशिगंधाला त्या क्षणी वर काकूंकडेही जायचं होतं आणि बाकांवरच्या माणसांकडेही. तिने फोन उचलला.

डोंबिवलीच्या धर्मादाय केंद्राचा साठा प्रियांका नावाची मुलगी बघायची. पावसाळ्यात तिच्याकडच्या नळ्या संपल्या होत्या, तेव्हा निशिगंधाने तिला खोकी पाठवली होती.

"प्रियांका, उसनं मागायचंय."

"बोला ना ताई. नळ्या?"

"खुर्च्या. माझा प्लँट बंद पडलाय. टाकीत तुरटी गेलीय. पेशंट दारात बसलेत."

"ताई, दोन देते," प्रियांका म्हणाली. "पण सामान तुमचं आणा. फाइल आणा. आणि आत्ता निघा, दुपारची शिफ्ट भरली तर मी कोणाला उठवू?"

कल्याणच्या एका ट्रस्टच्या इस्पितळातून आणखी दोन जागा मिळाल्या. उरलेल्या दोघांना नर्सने तपासलं आणि डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, उद्यापर्यंत चालेल, पाणी मोजून प्या. नर्सने प्रत्येकाच्या नावाचं सामान पिशवीत भरलं. संस्थेची व्हॅन दारात लागली.

विनिता सासऱ्यांचा हात धरून उभी होती. व्हॅनकडे बघत होती, पण हलत नव्हती.

"तिथलं पाणी कोणी बघितलंय?" ती म्हणाली. "इथे तुम्ही रोज असता तरी हे झालं. तिथे काय झालं तर आम्हाला कोण सांगणार?"

तिथलं पाणी चांगलंच आहे, असं निशिगंधाला म्हणता आलं असतं. पण आज सकाळी उठली तेव्हा इथल्या पाण्याबद्दलही तिने तेच म्हटलं असतं. विठ्ठलकाकांचा श्वास सगळ्यांना ऐकू येत होता, आखूड, घाईघाईचा. ओठांचा रंग बदलायला लागला होता.

विठ्ठलकाका पूर्वी बसचे कंडक्टर. बोलायला दम नव्हता, तरी थांबत थांबत म्हणाले, "त्या बाईने... सगळ्यांसमोर सांगितलं ना. लपवलं असतं तर... मी आत झोपलो असतो. चल, बस गाडीत. डबल बेल मार."

विनिताने डोळे पुसले आणि त्यांना आत चढवलं. नर्स बरोबर बसली. व्हॅन गेली.

मग सुरू झालं वाट बघणं, आणि वाट बघताना करायची कामं. टाकीचा खालचा कॉक उघडला. सगळं पाणी गटारात गेलं. तळाला पांढुरका, लोळागोळा झालेला थर होता. प्रितम स्वतः आत उतरला आणि घासू लागला. निशिगंधाने फिल्टरचा जादा संच आधीच घेऊन ठेवला होता. त्यावरून तिला कचेरीत ऐकून घ्यावं लागलं होतं, की माल अडकवून ठेवता. आज तो उघडला. तानाजीला फोन करून तिने आधी विचारलं, पाणी कुठून भरणार, आणि त्याने शपथ घ्यायला सुरुवात केल्यावर म्हणाली, शपथ नको, नळाचा फोटो पाठव.

मधेच ऐश्वर्या मॅडमचा फोन आला. कळल्यावर त्या हादरल्या, मग जरा विचार करून म्हणाल्या, की अहवालात टँकरचं पाणी दूषित होतं एवढंच लिहावं. भोईरांना दुखवून चालणार नाही. जागा त्यांची आहे, उद्या रागाने परत मागितली तर कुठे जाणार? निशिगंधाला ती भीती खोटी वाटली नाही. तिलाही सकाळपासून तीच होती. तरी ती म्हणाली, "मॅडम, टँकर लिहिलं तर लॅब गाळ तपासेल. ॲल्युमिनियम कोणी बघणार नाही. जे झालं तेच लिहावं लागेल. भोईरांशी मी बोलते."

"आणि त्यांनी जागा काढून घेतली तर?"

"तर शोधू," ती म्हणाली.

डोंबिवलीहून फोन नव्हता. शीळ फाट्याला गाड्या अडकल्यात असा नर्सचा एक मेसेज आला, नंतर काही नाही. निशिगंधा टाकीजवळून जिन्याकडे आणि जिन्याकडून टाकीजवळ फिरत राहिली. कृतिकाने घरून विचारलं, आजी म्हणते भाजी करपली, फेकू का. ती म्हणाली, फेक. गोपीनाथ पायरीवर बसून होते. कोणीतरी चहा आणला, तो तसाच साय धरून निवला.

दुपार कलायला लागली तेव्हा फोन वाजला. विनिता होती.

"लावलं," ती म्हणाली. "मघाशीच लावलं, मला फोन करायचं सुचलं नाही. आता घोरतायत. बाजूचा पेशंट वैतागलाय." मग म्हणाली, "त्या काकूंना सांगा. मी जरा जास्त बोलले."

"तूच सांग. मी नंबर देते."

"नको. आज तुम्ही सांगा."

निशिगंधा जिना चढून वर गेली. दार आतून नुसतं लोटलेलं होतं. सगुणाकाकू स्वयंपाकघरात जमिनीवर बसल्या होत्या. चूल सकाळपासून पेटली नव्हती, म्हणजे गॅसवर काही चढलं नव्हतं. भांडी घासून पालथी घातलेली. ओट्याचा कोपरा न्‌ कोपरा पुसलेला. हाताला काम नसलं की ही बाई पुसत सुटायची.

"गेला का कोन?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

"नाही. सगळे बरे आहेत. विठ्ठलकाका घोरतायत म्हणे."

काकूंनी पदर तोंडाला लावला. निशिगंधा शेजारी टेकली. तिला भूक लागली होती आणि डोकं दुखत होतं.

"माझा दीर गाडीत गेला," सगुणाकाकू म्हणाल्या. "त्याच्यासाठी जागा दिली. आनि माझ्याच हातून... तू कमिटीला सांग. माझा नाव सांग. मना त्या टाकीजवल येऊ देऊ नको बोल."

"नाव सांगितलं मी. काय झालं ते सगळं सांगितलं. पंप कोणी बंद केला तेही सांगितलं."

काकूंनी पहिल्यांदा वर बघितलं.

"काल तुना फोन करनार होती," त्या म्हणाल्या. "हातात घेतला पन होता. मग म्हटला, एवढ्याशासाठी कशाला? रविवारचा पोरीला निवांत बसू दे. आली असतीस धावत. तुझा सभाव म्हायत हाय मना."

खालून प्रितमने हाक मारली. टाकी धुऊन झाली होती, दुसरा टँकर गल्लीच्या तोंडाशी आला होता. निशिगंधाला खाली जायला हवं होतं. ती उठली नाही. तिने काकूंचा हात हातात घेतला. घासून घासून बोटं सुरकुतली होती.

"काकू, मी तुम्हाला एकच गोष्ट मागते," ती म्हणाली. "पुन्हा पाणी गढूळ दिसलं, तर काही करायच्या आधी मला फोन करा."